दिंडीच्या गाडीचं ठिकाण नकाशावर: फोनवरच्या नोंदी न हरवता सर्व्हरपर्यंत कशा पोहोचवायच्या

आषाढी वारीत दिंडीचं सामान वाहणारा ट्रक, पाण्याचा टँकर आणि पायी चालणारे वारकरी हे तिघं दिवसभर वेगवेगळ्या ठिकाणी असतात. ट्रक पहाटे तळावरून हलतो आणि पुढच्या मुक्कामी राहुट्या ठोकायला, स्वयंपाकाला लागायला निघून जातो. वाटेत रस्ता बंद असला तर भलतीकडून वळसा घेतो. मग संध्याकाळी लोणंदला किंवा माळशिरसला शेकडो गाड्यांच्या गर्दीत आपली राहुटी शोधत थकलेली माणसं फिरत राहतात, आणि ट्रकवाल्याचा फोन लागत नाही. म्हणून आता बऱ्याच दिंड्यांमधली तरुण मंडळी गाडीत एक फोन ठेवतात आणि त्याचं ठिकाण सगळ्यांना नकाशावर दाखवतात. कल्पना उत्तम आहे. पण ऐन गरजेच्या वेळी नकाशावरचा ठिपका चार तासांपूर्वीच्या जागी थिजलेला असतो, असा अनुभव अनेकांना येतो. तसं होऊ नये म्हणून काय करायचं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण दिंडीचं असलं तरी दुधाची गाडी, शाळेची बस किंवा ट्रेकचा गट, कुणालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

आधी हे समजून घ्या

काम तीन टप्प्यांत होतं. फोन उपग्रहांकडून स्वतःचं ठिकाण काढतो. ॲप ते ठिकाण वेळेसकट आपल्या साठ्यात लिहून ठेवतं. मग इंटरनेट मिळालं की ते सर्व्हरला, म्हणजे नोंदी गोळा करून नकाशा दाखवणाऱ्या संगणकाला, पाठवतं. यातल्या पहिल्या दोन टप्प्यांना मोबाइलची रेंज अजिबात लागत नाही. जीपीएस हा फक्त ऐकणारा रेडिओ आहे, तो उपग्रहाला काही पाठवत नाही. सिमकार्ड काढून टाकलेला फोनही दिवे घाटात आपलं ठिकाण बरोबर सांगतो. नेटमुळे एवढाच फरक पडतो की सुरुवातीचं ठिकाण लवकर मिळतं. नेट नसेल तर उपग्रहांची माहिती थेट उपग्रहाकडूनच घ्यावी लागते आणि त्याला उघड्या आकाशाखाली अर्धा-एक मिनिट किंवा थोडा जास्त वेळ लागू शकतो.

म्हणजे ‘जीपीएस बंद पडलं’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा जीपीएस ठणठणीत असतं. अडकलेलं असतं ते पाठवणं, किंवा फोनने ॲपच झोपवलेलं असतं. या दोन्हींवर इलाज आहेत. सगळ्या इलाजांमागचं तत्त्व एकच: आधी लिहा, मग पाठवा, आणि सर्व्हरने पोच दिल्यावरच फोनमधली नोंद पुसा. नोंद उशिरा पोहोचली तर चालतं. ती हरवली तर चालत नाही.

पहिली पायरी: फोन, सिम आणि चार्जर

घरात पडून असलेला जुना ॲण्ड्रॉइड फोन चालेल, पण त्याची बॅटरी फुगलेली नसावी आणि चार्जिंगचं भोक ढिलं नसावं. पालखी मार्गावर ज्या कंपनीची रेंज जास्त गावांत मिळते तिचं सिम घाला. दोन सिमची सोय असेल तर दुसऱ्या कंपनीचंही घाला आणि डेटा आपोआप बदलण्याची सेटिंग फोनमध्ये असल्यास चालू करा. रिचार्जची मुदत वारीच्या मध्येच संपत नाही ना, हे आधी पाहा.

चार्जरकडे नीट लक्ष द्या. छोट्या टेम्पोची वीज १२ व्होल्टची असते, मोठ्या ट्रकची २४ व्होल्टची. फक्त १२ व्होल्टसाठीचा कारचार्जर ट्रकला लावला तर तो जळेल. चार्जरवर १२-२४ व्होल्ट असं छापलेलं असेल तोच घ्या. मुक्कामी चावी काढली की चार्जिंग बंद होतं, आणि वारकरी गाडी शोधतात ते नेमकं त्याच वेळी. म्हणून फोन पॉवर बँकेला आणि पॉवर बँक गाडीला, अशी जोडणी ठेवा. त्यासाठी पॉवर बँक चार्ज होता होता फोनलाही वीज देते का, हे घरी पाहून घ्या. सगळ्या देत नाहीत.

फोन समोरच्या काचेजवळ ठेवा. काचेतून उपग्रहांचे संदेश येतात, लोखंडी टपाखाली सामानात खुपसलेल्या फोनला ते नीट मिळत नाहीत. पण थेट उन्हात ठेवू नका. तापलेला फोन आधी चार्जिंग थांबवतो आणि मग स्वतःच बंद होतो.

दुसरी पायरी: ॲप आणि सर्व्हर

पर्याय बरेच आहेत. ओनट्रॅक्स आहे, ॲण्ड्रॉइडसाठीचं जीपीएसलॉगर आहे. मी नवख्या मंडळींना ट्रॅकार सुचवतो. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, त्याचं फोनवरचं ॲप आणि सर्व्हर दोन्ही मोफत मिळतात, आणि एकाच नकाशावर ट्रक, टँकर, रुग्णसेवेची गाडी असं सगळं दिसतं.

सर्व्हरसाठी इंटरनेटवर भाड्याने मिळणारा अगदी छोटा संगणक पुरतो. ट्रॅकारचं वेब पान ८०८२ या पोर्टवर (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार) उघडतं आणि फोनचं ॲप आपल्या नोंदी ५०५५ या पोर्टवर पाठवतं. नवख्यांचा पहिला गोंधळ इथेच होतो. पान उघडतं म्हणून सगळं चालू आहे असं वाटतं, आणि ५०५५ मात्र फायरवॉलमध्ये, म्हणजे या दारांवरच्या पहाऱ्यात, बंदच राहिलेलं असतं. दोन्ही तपासा. सर्व्हरसोबत मिळणारा अंगचा डेटाबेस (नोंदींचा साठा) चाचणीपुरता ठीक आहे, प्रत्यक्ष वापरासाठी मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस हा वेगळा डेटाबेस जोडा. पत्ता एचटीटीपीएसचा ठेवा, म्हणजे वाटेत कुणाला नोंदी वाचता येणार नाहीत. त्यासाठी सर्व्हरला प्रमाणपत्र लागतं. ते लेट्स एन्क्रिप्टचं मोफत घेतलं असेल तर त्याची मुदत ९० दिवसांची असते. फेब्रुवारीत हौसेने सर्व्हर उभारला आणि नूतनीकरण आपोआप होत नसेल, तर आषाढीच्या आधीच ते संपलेलं असेल आणि फोन एकही नोंद पाठवू शकणार नाही.

आता ॲपमध्ये दिसणारा ओळख क्रमांक सर्व्हरवर नवीन उपकरण म्हणून जसाच्या तसा नोंदवा. त्यात एका अंकाची चूक झाली तरी सर्व्हर ४०० हा नकाराचा क्रमांक परत पाठवतो आणि नोंद घेत नाही. फोन बिचारा ती पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि मागे रांग वाढत जाते.

तिसरी पायरी: फोनला ॲप झोपवू देऊ नका

सगळ्यात जास्त अपयश याच पायरीवर येतं, म्हणून इथे घाई करू नका.

२०१५ मध्ये आलेल्या ॲण्ड्रॉइड ६ पासून फोन चार्जरला नसला, स्थिर पडून असला आणि स्क्रीन बंद असली की डोझ नावाच्या झोपेत जातो आणि ॲप्सचं नेट अधूनमधूनच उघडतो. ॲण्ड्रॉइड ८ पासून पडद्यामागच्या ॲपला तासाभरात मोजक्याच वेळा ठिकाण मिळतं. ॲण्ड्रॉइड १० पासून ‘ॲप वापरात असतानाच’ आणि ‘नेहमी’ अशा परवानग्या वेगळ्या झाल्या. बॅटरी वाचावी आणि कुणी गुपचूप पाळत ठेवू नये म्हणून हे बदल झाले आणि ते योग्यच आहेत. आपल्याला मात्र हे ॲप चालू राहायला हवं आहे, आणि तसं फोनला स्पष्ट सांगावं लागतं.

ॲपच्या माहितीच्या पानावर जा आणि क्रमाने हे करा. लोकेशनची परवानगी ‘अलाऊ ऑल द टाइम’ करा. ॲण्ड्रॉइड ११ पासून हा पर्याय पहिल्या खिडकीत दिसत नाही, तो सेटिंगमध्ये जाऊनच निवडावा लागतो. त्याच पानावर ‘यूज प्रिसाइज लोकेशन’ चालू ठेवा, नाहीतर ट्रक तळाऐवजी एक-दोन किलोमीटरवर कुठेतरी दिसेल. नोटिफिकेशनची परवानगी द्या. चालू असलेल्या ॲपची जी पट्टी वर कायम दिसते ती त्रासदायक वाटली तरी घालवू नका, तिच्यामुळेच हे काम उघडपणे चालू आहे हे फोनला आणि आपल्यालाही कळतं. बॅटरीच्या पर्यायात ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा.

याच्या पुढे प्रत्येक कंपनीची स्वतःची तऱ्हा आहे. शाओमी, रेडमीवर ‘ऑटोस्टार्ट’ चालू करावं लागतं, ओप्पो-रिअलमीवर ‘ऑटो लाँच’, विवोवर पडद्यामागच्या जास्त वीजवापराची परवानगी. सॅमसंगवर झोपणाऱ्या ॲप्सची यादी असते, तिच्यातून आपलं ॲप काढून ‘नेव्हर स्लीपिंग ॲप्स’ मध्ये टाका. एवढं करून कुणी अलीकडच्या ॲप्सच्या यादीतून बोटाने सरकवून ॲप बंद केलं तर काही फोनवर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून त्या यादीत ॲपवर कुलूप लावता येत असेल तर लावा, आणि गाडीतल्या मंडळींना सांगून ठेवा की माउली, या फोनवर व्हिडिओ बघू नका.

वारीच्या फोनबाबत आणखी एक गोष्ट विसरली जाते. ॲण्ड्रॉइड ११ पासून काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या फोन स्वतःहून काढून घेतो. आपलं ॲप वर्षातून एकदाच लागतं. गेल्या वर्षी सगळं नीट लावलेला फोन यंदा कपाटातून काढला की त्याच्या परवानग्या गेलेल्या असू शकतात. न वापरल्यास परवानग्या काढण्याचा पर्याय याच पानावर तळाशी असतो, तो बंद करा. तरीही प्रस्थानाच्या आठवडाभर आधी सगळं पुन्हा एकदा डोळ्यांखालून घाला.

चौथी पायरी: किती वेळाने नोंद घ्यायची

इथे प्रत्येकाला मोह होतो की दर पाच सेकंदांनी नोंद घेऊ, म्हणजे अगदी अचूक दिसेल. तसं करू नका. चाळीसच्या वेगाने जाणारा ट्रक एका मिनिटात साधारण ६७० मीटर पुढे जातो. ‘ट्रक फलटणच्या अलीकडे आहे’ हे सांगायला एवढं पुरेसं आहे, आणि मुक्कामी तर तो हलतच नाही. चालणाऱ्या माणसाजवळ फोन असेल तर मिनिटाला ७०-८० मीटर. दिंडीसाठी ६० सेकंदांचं अंतर ठेवा. दिवसाला १४४० नोंदी होतात. प्रत्येकीला, जोडणीचा खर्च धरून, ५ केबी लागले असं मानलं तरी दिवसाला सात एमबी. सगळ्यात स्वस्त रिचार्जमध्येही हे सहज बसतं.

अचूकता ‘हाय’ ठेवा. नेट नसताना नोंदी साठवण्याचा पर्याय ॲपमध्ये ‘ऑफलाइन बफरिंग’ नावाने असतो, तो चालू आहे याची खात्री करा. तो बंद असेल तर या लेखातलं बाकी काहीही उपयोगाचं नाही.

पाचवी पायरी: घरीच मुद्दाम बिघाड करून बघा

चालू असताना चालतं, ही चाचणी नव्हे. मोडल्यावर सावरतं का, ते बघा.

ॲप सुरू करून फोन विमान मोडमध्ये टाका. लोकेशन चालू आहे याची खात्री करा, बहुतेक फोनवर विमान मोडमध्येही जीपीएस सुरू राहतं. अर्धा तास दुचाकीवर फिरून या. नकाशावर काहीच दिसणार नाही. आता विमान मोड काढा. मागच्या सगळ्या नोंदी एकामागून एक यायला हव्यात, आणि प्रत्येकीवर तुम्ही तिथे होतात तीच वेळ हवी. नोंदी आल्या पण सगळ्यांवर आत्ताचीच वेळ पडली असेल, तर ॲप पाठवण्याची वेळ लिहितंय, आणि असं ॲप वापरू नका.

दुसऱ्यांदा हेच करा, पण रांग साठलेली असताना फोन बंद करून पुन्हा सुरू करा. रांग शाबूत राहायला हवी, आणि ॲपही हात न लावता पुन्हा चालू व्हायला हवं. तिसरी चाचणी रात्रीची. स्क्रीन बंद करून, चार्जर काढून फोन टेबलावर ठेवा. सकाळी सर्व्हरवर रात्रीच्या नोंदी पाहा. मध्ये दोन-तीन तासांचं भगदाड असेल तर तिसऱ्या पायरीवर परत जा. (काही ॲप्स फोन हलत नसेल तर नोंदी घेणं मुद्दाम थांबवतात. तसं असेल तर सकाळी फोन उचलून चालायला लागल्यावर नोंदी लगेच सुरू होतात का, ते बघा.)

वाटेवर: रेंज दिसते पण नेट नाही

पालखी मुक्कामाला लाखो माणसं एका गावात असतात. टॉवर तेवढेच. फोनवर रेंजच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि तरी काही जात नाही, कारण दांड्या टॉवरचा सिग्नल किती जोरात येतोय ते दाखवतात, त्या टॉवरवर गर्दी किती ते दाखवत नाहीत. अशा वेळी फोन चालूबंद करणं, ॲप काढून पुन्हा टाकणं, साठा पुसणं यातलं काहीही करू नका. ॲप काढलंत तर न पाठवलेली रांगही त्याच्यासोबत जाते. आपल्या नोंदी इवल्याशा आहेत, गर्दीतून वाट काढून त्या जातात. संध्याकाळी अडकलेलं बरंच काही रात्री उशिरा आपोआप मोकळं होतं.

रांग मोकळी होताना नकाशावर एक विचित्र प्रकार दिसतो. बरीच ॲप्स सगळ्यात जुनी नोंद आधी पाठवतात. त्यामुळे ठिपका दुपारच्या जागेपासून सुरू होऊन सगळा रस्ता भरभर पळत येतो. आठ तासांच्या ४८० नोंदी सरकायला काही मिनिटं जातात. बघणाऱ्यांना वाटतं ट्रक सुसाट सुटलाय किंवा उलटा फिरलाय. काही बिघडलेलं नसतं, थांबा.

म्हणूनच नकाशा पाहणाऱ्या प्रत्येकाला एक सवय लावा: ठिपक्याआधी वेळ पाहा. ट्रॅकारमध्ये ठिकाण घेतल्याची वेळ आणि सर्व्हरवर पोहोचल्याची वेळ वेगवेगळ्या नोंदलेल्या असतात. आपल्या कामाची पहिली. ‘ट्रक वेळापूरला आहे’ यापेक्षा ‘चार वाजून दहा मिनिटांनी ट्रक वेळापूरला होता’ हे वाक्य जास्त खरं असतं. ग्रुपवर निरोप टाकतानाही असाच टाका.

आणि हे साधन तातडीच्या मदतीचं नाही. कुणाला चक्कर आली, अपघात झाला तर नकाशा उघडत बसू नका, १०८ किंवा ११२ लावा.

स्वतः ॲप लिहिणाऱ्यांसाठी

दिंडीत एखादा तरी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी असतो आणि त्याला स्वतःचं ॲप करायची उमेद असते. करा, जरूर करा. फक्त या चार गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळा.

ठिकाण मिळाल्याबरोबर एसक्यूलाइटमध्ये (फोनमधल्याच छोट्या डेटाबेसमध्ये) लिहा, मेमरीतल्या यादीत ठेवू नका. ठिकाण घेणं फोरग्राउंड सर्व्हिसमध्ये (वर पट्टी दाखवून चालू राहणाऱ्या कामात) ठेवा आणि पाठवणं वेगळं ठेवा. ॲण्ड्रॉइडच्या वर्कमॅनेजरचं (पडद्यामागची कामं वेळेवर चालवणाऱ्या सोयीचं) ठरावीक काळाने होणारं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतराने चालत नाही, म्हणून ठिकाण घ्यायला ते वापरू नका. साठलेली रांग पाठवायला मात्र ते चांगलं आहे.

पोच हरवू शकते हे गृहीत धरा. नोंद सर्व्हरवर पोहोचली, पण ‘मिळाली’ हे उत्तर परत येताना नेट गेलं, तर फोन तीच नोंद पुन्हा पाठवणार. ते बरोबरच आहे. सर्व्हरने उपकरणाचा क्रमांक आणि ठिकाणाची वेळ यांच्या जोडीवरून दुसरी प्रत ओळखावी आणि तरीही ‘मिळाली’ असंच उत्तर द्यावं. इथे चूक दाखवणारा सर्व्हर फोनची रांग कायमची अडवून ठेवतो.

सगळी अपयशं सारखी धरू नका. जोडणी झाली नाही, ५०३ (सर्व्हर तात्पुरता उपलब्ध नाही) आला, तर थांबून पुन्हा पाठवा: ३० सेकंद, मग एक मिनिट, दोन, चार, असं वाढवत पंधरा मिनिटांपर्यंत, आणि प्रत्येक वेळी थोडी यादृच्छिक भर घाला, नाहीतर टॉवर मोकळा होताच तुमचे सगळे फोन एकाच क्षणी सर्व्हरवर धडकतील. ४०० आला तर तीच नोंद शंभरदा पाठवूनही उत्तर बदलणार नाही. ती पुसू नका, बाजूला काढून ठेवा आणि पुढची पाठवा. एक खराब नोंद रांगेच्या तोंडाशी बसली म्हणून मागच्या पाचशे अडकता कामा नयेत.

वेळ नेहमी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा आणि दाखवताना साडेपाच तास मिळवा. भारतीय वेळ यूटीसी म्हणून पाठवली तर प्रत्येक नोंद साडेपाच तास भविष्यातली होते, आणि ती सर्व्हरवर बसली की नंतरच्या बरोबर वेळेच्या नोंदी तिच्यापुढे जुन्या ठरतात. ट्रॅकारच्या सर्व्हरला पाठवत असाल तर वेग नॉटमध्ये द्यावा लागतो, हेही ध्यानात ठेवा. १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.

हे सगळं काही नवं नाही. प्रवासी वाहनांसाठीच्या एआयएस-१४० या भारतीय मानकातही नेट नसताना नोंदी साठवून नंतर पाठवण्याची अट आहे, आणि किमान ४०,००० नोंदी मावतील एवढी जागा उपकरणात मागितली आहे. तुमच्या फोनला एवढी जागा सहज आहे.

कुणाचं ठिकाण, कुणाला दिसणार

फोन गाडीत असला तरी ठिकाण चालकाचंही कळतं. त्यांना आधी विचारा, काय दिसणार आणि कधीपर्यंत ते नीट सांगा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमतीला महत्त्व आहे, पण कायदा नसता तरी आपण विचारलंच असतं. नकाशाची लिंक मुदतीची काढा आणि दिंडीच्या ग्रुपपुरतीच ठेवा. एखाद्या वारकऱ्याच्या खिशातल्या फोनचं ठिकाण जाहीर करू नका. ज्या गाडीत पैसे किंवा दागिने ठेवलेले असतात तिचं तर नकोच नको.

पंढरपुरातून गाडी परतली की फोन लगेच बंद करू नका. आधी ॲपमधली रांग रिकामी झाली का ते बघा. पुढच्या वर्षी मार्ग ठरवायला उपयोगी पडेल एवढी वाट जीपीएक्स फाइलमध्ये (वाट साठवायच्या फाइलचा एक प्रकार) काढून ठेवा, बाकी नोंदी सर्व्हरवरून पुसा, लिंक बंद करा. मग फोन अर्ध्या चार्जवर बंद करून ठेवा, आणि कोणत्या सेटिंग बदलल्या ते कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवा. पुढच्या वर्षी तो डबा दुसरंच कुणीतरी उघडणार आहे.